नकाशात धामणगाव, पिशवीत तीन बॉल

पोकेमॉन गो हा घरात बसून खेळायचा खेळ नाही. फोनवर तो उघडला की आपण उभे आहोत त्याच जागेचा नकाशा समोर येतो: तोच रस्ता, तोच चौक, तीच रेल्वेलाइन. धामणगावात उघडला तर धामणगाव, बडनेऱ्यात उतरून उघडला तर बडनेरा. जीपीएस आपली जागा सांगतं, आपण चाललो की पडद्यावरचा बाहुला चालतो आणि वाटेत मधूनच एखादा प्राणी उगवतो. तो पकडायचा, वाढवायचा, इतरांच्या प्राण्यांशी झुंजवायचा. एवढंच.

जगात हा खेळ जुलै 2016 मध्ये आला. भारतात तो अधिकृतपणे 13 डिसेंबर 2016 ला, रिलायन्स जिओशी करार करून आणला गेला. जिओचं फुकट इंटरनेट त्याच सप्टेंबरात सुरू झालं होतं. 2023 मध्ये खेळ हिंदीतही मिळू लागला. मराठीचं नाव अजून नाही, पण टीव्हीवर हिंदी पोकेमॉन पाहून वाढलेल्या आपल्याकडच्या पोरांचं त्यावाचून अडत नाही. मोठ्या शहरांत खेळून जुना झालेला हा प्रकार तालुक्याच्या गावात आत्ता कुठे रुजतोय. त्यामुळे तो आतून कसा चालतो आणि आपल्यासारख्या गावात कुठे अडतो, हे नीट पाहायला हरकत नाही.

आधी पकडणं. प्राण्यावर बोट ठेवलं की तो मोठा होऊन समोर येतो आणि खाली एक बॉल दिसतो. प्राण्याभोवती एक रंगीत कडं सारखं लहान लहान होत असतं. हिरवं असेल तर प्राणी सहज येतो. पिवळं, नारिंगी, लाल असं चढत गेलं की तेवढा तो हट्टी. कडं अगदी लहान झालं असताना बॉल बरोबर आत पडला तर पकडण्याची शक्यता वाढते. बॉल आधी बोटाने गरगर फिरवून बाकदार फेकला तर आणखी वाढते. गंमत अशी की प्राणी मधेच उसळतो आणि त्या क्षणी गेलेला बॉल उडवून लावतो. म्हणून मुरलेली पोरं कडं हवं तेवढं लहान झालं की बोटाने तिथंच धरून ठेवतात, प्राण्याची उसळी सुरू होऊ देतात आणि ती संपता संपता बॉल सोडतात. हे पाहण्यासारखं असतं. नशिबाचा भाग आहेच, पण हाताला वळण लागतं आणि त्याचं फळ लगेच दिसतं. खेळाची ही बाजू मला पक्की वाटते.

नेम चुकला की बॉल गेला, आणि आपल्या गावाची खरी गोष्ट इथून सुरू होते. “मामा, बॉल सरले न!” हे वाक्य भाच्याकडून जितक्यांदा ऐकू येतं तितकं दुसरं कुठलंच नाही.

बॉल मिळतात ते मुख्यतः पोकेस्टॉपवर. नकाशावर निळी खूण असते. जवळ गेलं की त्या जागेच्या फोटोची चकती बोटाने फिरवायची, म्हणजे बॉल, फळं, औषधं असं काहीबाही पडतं. तोच थांबा पाच मिनिटांनी पुन्हा फिरवता येतो. पुण्यामुंबईत एखाद्या बागेला एक फेरी मारली की पिशवी भरते. तालुक्याच्या गावात थांबे मोजके, त्यामुळे त्याच दोनचार जागांभोवती घिरट्या घालाव्या लागतात.

हे असं का? खेळ बनवणाऱ्या नायँटिक कंपनीने थांबे स्वतः फिरून नोंदवलेले नाहीत. 2012 मध्ये तिने इनग्रेस नावाचा दुसरा खेळ काढला होता. त्याचे खेळाडू आपापल्या भागातले पुतळे, देवळं, भित्तिचित्रं, वाचनालयं यांचे फोटो कंपनीकडे पाठवायचे. तीच यादी पुढे पोकेमॉन गोचे थांबे म्हणून वापरली गेली. जिथं ते खेळाडू होते तिथला नकाशा गजबजला. जिथं कोणी पेरलंच नाही तिथं उगवणार काय? खेळातल्या नकाशावरचे रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच काढलेल्या मोफत नकाशावरून येतात, डिसेंबर 2017 पासून. तिथं ज्या गल्ल्या कोणी आखल्या नाहीत त्या खेळातही नुसतं हिरवं रान दिसतात. प्राणीसुद्धा जिथं माणसांची वर्दळ जास्त तिथंच जास्त उगवतात. म्हणजे थांबे कमी, म्हणून खेळणारे कमी, आणि खेळणारे कमी म्हणून प्राणी कमी.

एक हिशोब करून पाहू. मॅजिकार्प नावाचा एक निरुपयोगी लाल मासा आहे. त्याचा गॅराडॉस हा अक्राळविक्राळ प्राणी करायचा तर 400 कँडी, म्हणजे खेळातला खाऊ, लागतात. एक मासा पकडला की 3 कँडी, तो खेळातल्या प्रोफेसरकडे पाठवून दिला की आणखी 1. म्हणजे सुमारे शंभर मासे. एकेका माशाला एकच बॉल लागला तरी शंभर बॉल, आणि एका बॉलात काम नेहमी होत नाही. मोठ्या शहरात हे दोनतीन संध्याकाळचं काम. इथं मुलं त्यासाठी कितीतरी दिवस बॉल साठवत बसतात. त्यातून पळवाटा निघतात. दुसऱ्या गावच्या मित्रांनी खेळातून पाठवलेल्या भेटींत बॉल असतात, दुकानात रोज एक फुकट खोका मिळतो, आणि सलग सात दिवस रोज एक तरी थांबा फिरवला तर सातव्या दिवशी जास्तीचा माल हाती लागतो.

थांब्याला हात पोचण्याचं अंतर आधी 40 मीटर होतं. कोरोनाच्या काळात, 2020 मध्ये, ते 80 केलं. 2021 च्या ऑगस्टमध्ये अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये कंपनीने ते पुन्हा कमी केलं, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की 80 मीटर कायम ठेवावे लागले. आपल्याला याचा उपयोग असा, की स्टेशनाच्या आतला थांबा असेल तर फलाटावर न जाता बाहेरूनच फिरवता येतो. रुळांच्या कडेने फोनमध्ये डोळे घालून चालणाऱ्या पोराला मात्र दोन शब्द सुनावलेच पाहिजेत.

चालण्याची बाजू मला सगळ्यांत आवडते. खेळात अंडी मिळतात. कुठलं 2 किलोमीटर चालल्यावर फुटतं, कुठलं 5, कुठलं 10. नोव्हेंबर 2018 पासून फोन खिशात आणि खेळ बंद असला तरी पावलं मोजली जातात. गाडीत बसून मात्र अंडं उबत नाही. ताशी दहाएक किलोमीटरच्या वर वेग गेला की अंतर धरलंच जात नाही, त्यामुळे वर्ध्यापर्यंतचा रेल्वेप्रवास या बाबतीत पूर्ण वाया.

हवामानही खरंच घेतलं जातं. ऊन असेल तर आग, गवत आणि जमीन या गटांचे प्राणी जोरात; पाऊस आला की पाणी, वीज आणि किडे. आपल्या मे महिन्यात आगवाल्यांची चांदी, फक्त त्या उन्हात पडदा दिसत नाही आणि फोन तापून बंद पडतो. बर्फ आणि पोलाद या गटांना हिमवर्षाव लागतो. वऱ्हाडात त्यांनी आशाच सोडावी. असे एकूण 18 गट, आणि कोण कोणावर भारी हे पाठ करावं लागतं. भारी गटाचा मार 1.6 पट बसतो. गॅराडॉस पाण्याचाही आणि उडणाराही. वीज दोघांवर भारी, म्हणून त्याच्यावर विजेचा मार 1.6 गुणिले 1.6, म्हणजे 2.56 पट. पोरं हे तोंडी सांगतात.

रेडमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून लढायच्या झुंजीत, मात्र गाव हरतं. पाच ताऱ्यांचा दुर्मीळ प्राणी 300 सेकंदांत पाडायचा असतो. तो एकट्याच्या आवाक्यातला सहसा नसतो, चारपाच तयारीचे गडी लागतात. 2020 मध्ये लांबून सामील होण्याचा पास निघाला, तेव्हा लहान गावांची सोय झाली. एप्रिल 2023 मध्ये त्याच पासची किंमत खेळातल्या 100 नाण्यांवरून 195 झाली आणि दिवसाला पाचाची मर्यादाही आली. लोकांनी घराबाहेर पडून एकत्र जमावं, हा कंपनीचा मुद्दा शहरापुरता ठीक. इथं बाहेर पडलं तरी जमायला आहे कोण?

नाण्यांचा घोळ तर आणखी मजेशीर. जिममध्ये, म्हणजे नकाशावरच्या झुंजीच्या जागी, आपला प्राणी पहाऱ्याला बसवला की दर दहा मिनिटांना एक नाणं, दिवसाला जास्तीत जास्त 50. पण ती नाणी हातात पडतात कोणी त्या प्राण्याला हरवून परत पाठवल्यावरच. शहरात तो संध्याकाळपर्यंत परत येतो. इथं हरवायलाच कोणी नसतं. प्राणी आठवडाभर बसून राहतो आणि शेवटी परत येतो तेव्हा त्या दिवसाचे 50 च मिळतात. मग पैसे देऊन नाणी घेण्याचा मोह होतो. मुलाच्या फोनवर खरेदीला पासवर्ड लावून ठेवा, हे आईवडिलांना सांगायला हवं. 2025 मध्ये नायँटिकने हा खेळ स्कोपली या कंपनीला देण्याचा सौदा 350 कोटी डॉलरला केला. मूल कुठं कुठं फिरतं याची नोंद आता तिच्याकडे जाते, हेही लक्षात असू द्यावं.

गावातले थांबे वाढवण्याचा मार्ग मात्र उघडा आहे. खेळात बरीच वरची पातळी गाठलेला खेळाडू नवी जागा सुचवू शकतो आणि इतर खेळाडू ती तपासून मत देतात. पुतळा, देऊळ, सार्वजनिक वाचनालय, बाग चालते. खाजगी घर आणि बारावीपर्यंतची शाळा चालत नाही. देवळांवरून 2016 मध्ये गुजरात उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती. प्रार्थनास्थळी अंडी मिळतात, हा आक्षेप होता. आधीच्या थांब्याला अगदी खेटून असलेली जागा मंजूर झाली तरी नकाशावर दिसतेच असं नाही, म्हणून थोडं अंतर राखून निवडावी. दोन फोटो लागतात, एक त्या वस्तूचा आणि एक आजूबाजूच्या परिसराचा. फोटोत माणसांचे चेहरे किंवा गाड्यांचे नंबर आले तर सूचना नाकारली जाऊ शकते. म्हणून तो सकाळी लवकर, चौकात गर्दी व्हायच्या आधी काढलेला बरा.