वेष्टनावर न लिहिलेला तीळ
सदोष खाद्यपदार्थ बाजारातून परत मागवणे म्हणजे रिकॉल, आणि अमेरिकेत त्याचे एक प्रमुख कारण असते वेष्टनावर न नोंदवलेला ॲलर्जीकारक घटक, म्हणजेच ज्यातील प्रथिनाला काहींची प्रतिकारशक्ती शत्रू समजते असा पदार्थ. माल नासलेला नसतो. बहुधा चुकीचे वेष्टन लागलेले असते किंवा एकाच यंत्रावर दोन पदार्थ तयार झालेले असतात. गंभीर इजेची वा मृत्यूची वाजवी शक्यता असेल, तर तेथील अन्न व औषध प्रशासन तो रिकॉल पहिल्या वर्गात घालते. २००४ च्या कायद्याने दूध, अंडी, शेंगदाणे, गहू यांसह आठ घटकांची नोंद सक्तीची केली आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ नववा ठरला. परिणाम मात्र विपरीत झाला, कारण यंत्रे तीळमुक्त ठेवण्याच्या खटाटोपापेक्षा काही बेकरी उत्पादकांनी पावात मुद्दाम थोडे तिळाचे पीठ मिसळून तसे छापणेच पसंत केले. कायद्याचे अक्षर पाळले गेले, पण तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांना पूर्वी चालणारे पावही वर्ज्य झाले. तिळगुळाच्या देशात, म्हणजे भारतात, २०२० साली अधिसूचित झालेल्या लेबलविषयक नियमांच्या ॲलर्जीकारक यादीत शेंगदाणे आहेत, तीळ नाही.