स्प्लिट एसी घेण्याआधी

वैशाखात पत्र्याच्या घरात म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं रात्रभर तळमळतात. म्हणून एसीला आम्ही चैन म्हणत नाही. पण आधी पत्र्यावर चुना मारा, खाली छत करा. पत्रा तापलेला असेल तर १ टनाचा एसीही लहान खोलीत पुरत नाही, बिल मात्र वाढतं.

एसीला मीटरपासून स्वतंत्र वायर, एमसीबी आणि अर्थिंग हवंच. एक्स्टेन्शन बोर्ड नको. बाहेरच्या युनिटची गरम हवा शेजाऱ्याच्या दारात जाऊ देऊ नका.

मुख्य म्हणजे, स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही, आतलीच थंड करून फिरवतो. त्यामुळे बंद खोलीत स्वयंपाक करू नका, डासांची कॉइल लावू नका. घरात टीबीचा रुग्ण असेल, तर उघडी खिडकी आणि पंखाच बरा.