बाण आधी काढावा : सर्पदंश, विंचूदंश आणि विषबाधा

मज्झिम निकायातील मालुंक्यपुत्ताची कथा आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेली आहे. विषारी बाण लागलेला मनुष्य वैद्याला हात लावू देत नाही. बाण मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, उंच की ठेंगणा, त्याचे धनुष्य कसले, हे कळल्याखेरीज बाण काढू देणार नाही, असा त्याचा हट्ट. या प्रश्नांची उत्तरे मिळण्याआधी तो मरून जाईल, हे तथागतांचे सांगणे. जग शाश्वत की अशाश्वत, असल्या निष्फळ वादांवरचा हा दृष्टान्त म्हणून आम्ही तो वर्षानुवर्षे शिकविला. तो अक्षरशः, विषाच्या संदर्भातही शिकवावयास हवा होता, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

आमच्या वसतिगृहातील आठवीचा एक मुलगा पोळ्याच्या सुट्टीत गावी गेला होता. रात्री घरात जमिनीवर अंथरूण टाकून झोपला. पहाटे पोटात कळा येऊ लागल्या. सणाचे जेवण बाधले असेल, म्हणून ओवा दिला. उजाडता उजाडता त्याच्या पापण्या मिटू लागल्या, थुंकी गिळेना. तेव्हा कुणीतरी साप चावल्याची शंका काढली. मग घरात सापाचा शोध, मग भगत, मग कडुलिंबाचा पाला चघळावयास देऊन तो कडू लागतो का याची परीक्षा. रुग्णालयाच्या वाटेला लागेपर्यंत दहा वाजले होते. मुलगा वाटेतच गेला. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्याचे वडील एवढेच म्हणाले, “गुरुजी, आमच्या घरात देव नाहीत. पण त्या वेळी चार माणसं म्हणाली आन् पाय तिकडंच वळले.” त्यांना आम्ही काय दोष देणार? अंधश्रद्धेवर आम्ही भाषणे पुष्कळ दिली होती. साप चावल्यावर पहिल्या घटकेत काय करावे, हे मात्र कधी सांगितले नव्हते.

भगताकडे नेलेली पुष्कळ माणसे वाचतात, हे खरेच आहे, आणि त्याचे कारण समजून घेतल्याशिवाय त्याची कीर्ती मोडत नाही. धामण, दिवड, तस्कर असे आपल्या अवतीभवतीचे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. म्हणजे भगताकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण काहीही न करता वाचणारच असतात; त्यांचे श्रेय मंत्राला मिळते. ज्याच्या अंगात खरोखर विष भिनले आहे, त्याचा तेवढा वेळ जातो, आणि त्याच्या मरणाला “उशीर झाला होता” म्हटले जाते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली. त्यांतील बहुतेक सारी खेड्यांतली होती.

साप मारून रुग्णालयात नेण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. आपल्याकडे बहुतेक मृत्यूंना कारण असलेले साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सरकारी रुग्णालयात मोफत मिळणारी प्रतिसर्पविष लस या चारही विषांवर एकच आहे. कोणता साप, हा प्रश्न डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्त गोठते की नाही हे पाहून सोडवतात. (हे औषध घोड्याला अत्यल्प विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांपासून बनते. मुंबईत परळच्या हाफकिनमध्ये ते दीर्घकाळ तयार होत आले आहे. त्यासाठी लागणारे विष मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतील इरुला आदिवासींच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेतून येते. साप पकडणारी म्हणून ज्यांना खालचे मानले, त्यांच्या हातच्या कौशल्यावर देशाचे प्राण तगतात.)

मग आपण करावयाचे काय? थोडेच. माणसाला धीर द्यावा, चालू किंवा पळू देऊ नये. अंगठी, बांगड्या, घड्याळ, करदोटा लगेच काढावा, कारण सूज चढते. मोडलेल्या हाडाला बांधतो तशी चावलेल्या हातापायाला फळी लावून सैल बांधावे, म्हणजे तो हलणार नाही. करकचून दोरी आवळू नये. कुणी आधीच आवळली असेल तर ती वाटेत न सोडता डॉक्टरांनाच सोडू द्यावी. ब्लेडने कापणे, तोंडाने ओढणे, बर्फ लावणे, सारे वर्ज्य. १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका दूर असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्यावे. गुंगी किंवा ओकारी असेल तर गाडीत डाव्या कुशीवर निजवावे.

मण्यारीविषयी अधिक सांगणे भाग आहे. ती रात्री फिरते, उबेला अंथरुणात शिरते. दंश दुखत नाही, खूणही अनेकदा सापडत नाही. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याच्या पोटात पहाटे कारणाशिवाय कळ आली आणि पापण्या जड झाल्या, तर ओवा न शोधता रुग्णालय गाठावे. विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. डोळेही न हलणारा रुग्ण मेल्यासारखा दिसतो, परंतु आत शुद्धीवर असू शकतो. श्वास बंद पडला तर तोंडाने श्वास देत राहावे. अशी माणसे कृत्रिम श्वासोच्छ्वासावर राहून पुढे चालत घरी आलेली आहेत. खाट आणि कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हा सर्वांत स्वस्त प्रतिबंध होय.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून एक गोष्ट लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. विनयपिटकात सर्पदंशावर शेण, मूत्र, राख व माती यांचा उपाय आलेला आहे. तो त्या काळाचा उपाय होता. केवळ ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे कालामांना ज्यांनी सांगितले, त्यांच्याच ग्रंथाला हा नियम लावावयास आपण कचरू नये. परित्राण पाठातील सर्पांविषयीच्या मैत्रीची सुत्ते जरूर म्हणावीत. रुग्ण दाखल झाल्यावर, बाकावर बसून.

विंचवाच्या बाबतीत कोकणातील लहानसा लाल विंचू घातक ठरतो. मोठी काळी इंगळी भय अधिक दाखविते, जीव क्वचितच घेते. दंशानंतर दरदरून घाम, ओकाऱ्या, हातपाय गार पडणे ही हृदयावर ताण आल्याची चिन्हे; विशेषतः मुलांना थांबवून ठेवू नये. आम्हांला महाड आठवते ते २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्यासाठी. त्याच महाड परिसरात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मरणाऱ्या रुग्णांच्या उशाशी रात्री जागून विंचवाच्या विषाचा अभ्यास केला. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरात आणले आणि मृत्यूंचे प्रमाण विलक्षण घटले. ‘लॅन्सेट’ने त्यांचे लेखन छापले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-मिरची भरू नये, आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.

शेवटचा विषय बोलावयास जड आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारताना चक्कर, घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे धूसर, असे झाले की अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे, धुणाऱ्याने आपल्या हातांना प्लास्टिकची पिशवी बांधावी. विष पोटात गेले असेल तर मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. रॉकेल प्यायलेल्या लहान मुलाच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण ते फुफ्फुसात जाते. डबा लेबलासह सोबत न्यावा. जाणूनबुजून विष घेतले असेल तर घरचे पोलीस केसच्या धास्तीने थांबतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीस तीव्र ताणाखाली असलेली मानले आहे, तिला शिक्षा करावयाची नाही. डॉक्टरांना खरे सांगावे.

त्या मुलानंतर, पोळ्याच्या सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती आम्ही एक चिठ्ठी देतो. तिच्यावर १०८ हा क्रमांक आणि वरच्या चार गोष्टी लिहिलेल्या असतात. सर्पविषावरील लस असलेले जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथवर जावयास रात्री वाहन कोणाचे, या दोन ओळी कोऱ्या असतात. गावात विचारून त्या भरून आणणे, हा सुट्टीचा गृहपाठ.