मद्यासक्त पालक आणि आपले विद्यार्थी

सूरह अल्-माइदाच्या ९०व्या आयतीने मद्य निषिद्ध ठरविले आहे, हे आपणां सर्वांस ज्ञात आहे. मात्र त्यामुळेच आपल्या मोहल्ल्यातील ज्या घरात दारू शिरते, त्या घरावर दुहेरी ओझे पडते : एक व्यसनाचे, दुसरे लाजेचे. "अब्बांची तब्येत बरी नाही," हे उत्तर आईबरोबर मुलेही पाठ करतात. अशा मुलांना महाविद्यालयातील शिक्षक कोणता आधार देऊ शकतात, याचा विचार येथे केला आहे.

केंद्र शासनाच्या २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ५.७ कोटी व्यक्तींना मद्यपानाच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. वडिलांची दारू सुटली की घर आपोआप सावरेल, असे आपण गृहीत धरतो. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर झालेला व २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत उद्बोधक आहे. प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांनी मोजक्या बैठकांत केलेल्या समुपदेशनानंतर, तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुष घातक मद्यपानातून बाहेर आले. समुपदेशन न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. म्हणजे उपचारांचा उपयोग होतो. परंतु पत्नीवरील हिंसाचारात फरक आढळला नाही. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, पित्यावर उपचार आणि कुटुंबाला आधार ही दोन स्वतंत्र कामे आहेत. दुसरे काम पहिल्याची वाट पाहत थांबवू नये.

अशा घरातील विद्यार्थी ओळखणे सोपे नसते. कोणी पगाराच्या दिवसानंतर गैरहजर राहतो, कोणी वर्गात झोपतो, कोणी पालकसभेची चिठ्ठी घरी नेत नाही. थोरली मुलगी धाकट्यांची आई बनते आणि 'समंजस' म्हणून तिचे कौतुक होते; तिचा थकवा कोणाला दिसत नाही. या खुणांची कारणे अन्यही असू शकतात. म्हणून निष्कर्ष न काढता एकांतात, आस्थेने विचारपूस करावी.

मूल बोलू लागले तर त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : दारू तुझ्यामुळे सुरू झाली नाही, ती थांबविणे तुझ्या हाती नाही, आणि अब्बांवर प्रेम असणे व त्यांचा राग येणे दोन्ही स्वाभाविक आहे. 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन मात्र देऊ नये. मुलाच्या सुरक्षिततेसाठी ते मोडावे लागू शकते. मुलाला न विचारता पित्यास बोलावून खडसावू नये. त्याचा राग रात्री घरी निघतो. सायंकाळी ग्रंथालयात बसण्याची जागा, शुल्काचे हप्ते, परीक्षेच्या दिवसांत नातेवाइकांकडे राहण्याची सोय, ही मदत लहान दिसली तरी मोलाची असते.

मारहाण होत असल्यास अल्पवयीन मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. मानसिक आधारासाठी टेली-मानस (१४४१६) व व्यसनमुक्तीसाठी १४४४६ येथे मार्गदर्शन मिळते. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने कसम खाऊन एकाएकी दारू बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही धोक्यात येतो. म्हणून तौबेच्या निश्चयास डॉक्टरांची जोड हवी, हे कुटुंबास समजावून सांगावे.

दुसऱ्याचा ऐब चव्हाट्यावर न आणणे, ही ऐबपोशी आपल्या संस्कारांत आहे, आणि ती योग्यच आहे. पण तिच्या आडोशाला मूल एकटे पडत असेल, तर त्या मौनाला ऐबपोशी म्हणता येणार नाही. प्रत्येक महाविद्यालयाने एक शिक्षक व एक शिक्षिका यांची या कामासाठी नेमणूक करून त्यांची नावे विद्यार्थ्यांना कळवावीत. आपले ऐकून घेणारे कोणीतरी आहे, हे मुलांना आधी ठाऊक असले पाहिजे.