डोंगरी सायकलची रिम

मी सातवीत असतानाची गोष्ट. अब्बांच्या काळ्या सायकलचे मागचे चाक खड्ड्यात आदळून वाकले. मोहल्ल्यातल्या सायकलवाल्या चाचांनी मला बाजारातून नवी रिम आणायला पाठवले. चकाकणारी रिम खांद्याला अडकवून मी मोठ्या ऐटीत परत आलो. चाचांनी तिची भोके मोजली आणि ते हसू लागले. ती ३२ भोकांची, पुढच्या चाकाची रिम होती. त्या सायकलच्या मागच्या हबला ४० भोके होती. मला आल्या पावली परत जावे लागले.

रिम म्हणजे चाकाचे बाहेरचे गोल कडे. त्यावर टायर बसतो. मधल्या हबपासून निघालेले स्पोक तिच्या भोकांत निपलने आवळलेले असतात. साध्या रस्त्यावर चालणाऱ्या सायकलची रिम दुकानदार देईल ती घेतली तरी सहसा भागते. डोंगर उतरणाऱ्या सायकलचे तसे नाही.

डोंगरी सायकलचा खेळ अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वाढला. तेथे माउंट टॅमल्पाइस नावाच्या डोंगराजवळ एक कच्ची वाट आहे. सुमारे साडेतीन किलोमीटरमध्ये ती जवळजवळ ४०० मीटर खाली उतरते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी त्या वाटेवर पहिली शर्यत लावली. त्यांच्या सायकली जुन्या, जाड टायरच्या होत्या. उतारावर मागचा ब्रेक इतका तापे, की हबमधील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले. त्या सायकलींच्या रिम पोलादी होत्या. पोलादी रिम मजबूत असते, पण जड असते. ती ओली झाली की रबरी ब्रेक तिच्यावरून घसरतात. पुढे १९८०च्या सुमारास जाड टायरला चालतील अशा अॅल्युमिनियमच्या रिम मिळू लागल्या आणि डोंगरी सायकल हलकी झाली.

पोलादाची घनता ७.८ आणि अॅल्युमिनियमची २.७ असते, हे तुम्ही विज्ञानात शिकला असाल. मग हलकी धातू दणके कशी सोसते? कागदाची एक पट्टी घ्या. ती सहज वाकते. त्याच कागदाची चौकोनी नळी करा. आता ती लवकर वाकत नाही. चांगली अॅल्युमिनियमची रिम अशीच आतून पोकळ आणि दुहेरी भिंतीची असते. एकेरी भिंतीची रिम स्वस्त मिळते. दगडधोंड्यांच्या वाटेसाठी ती घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो.

वजनाचा आणखी एक हिशेब आहे. रिम पुढे जाते आणि त्याच वेळी फिरतेही. त्यामुळे सायकलचा वेग वाढवताना रिमचे १०० ग्रॅम जवळजवळ २०० ग्रॅमसारखे वाटतात. म्हणून शर्यतपटू हलकी रिम शोधतात. परंतु फार हलकी रिम दगडावर आपटली तर चेपते. जड शरीराचा, उंचावरून उडी मारणारा स्वार आणि सडपातळ, चढावर शर्यत लावणारा स्वार, या दोघांना एकच रिम चालणार नाही.

आता माप पाहू. येथे मोठा घोटाळा आहे. अब्बांच्या सायकलचे चाक '२८ इंची' होते. आज डोंगरी सायकलला '२९ इंची' चाक असते. कोणते मोठे? तुम्ही म्हणाल, २९. पण टायरची कड रिमवर ज्या जागी बसते तेथे मोजले, तर २८ इंची जुनी रिम ६३५ मिलिमीटर आणि २९ इंची रिम ६२२ मिलिमीटर भरते! इंचांतील नावे टायरच्या बाहेरच्या मापावरून पडली आहेत, म्हणून ती फसवतात. डोंगरी सायकलच्या २६ इंची रिमचे खरे माप ५५९ आणि साडेसत्तावीस इंचीचे ५८४ मिलिमीटर असते. टायरच्या बाजूवर ५७-५५९ असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा हे खरे माप. खरेदी करताना दुसऱ्या आकड्यावर विश्वास ठेवावा.

रुंदीही जुळली पाहिजे. अरुंद रिमवर जाड टायर चढवून हवा कमी ठेवली, तर वळणावर टायर बाजूला लोळतो आणि स्वाराचा तोल जातो. रिम फारच रुंद असेल तर टायर सपाट होतो व त्याच्या बाजू दगडांना घासतात. आज अडीच इंचांपर्यंतच्या टायरला आतून २५ ते ३० मिलिमीटर रुंदीची रिम सर्रास वापरतात.

ब्रेक कोणता आहे, तेही आधी पाहावे. रबरी ब्रेक रिमलाच धरत असेल, तर तिची बाजू सपाट आणि घासण्याजोगी हवी. अशी रिम हळूहळू झिजते. बाजूवरून बोट फिरवल्यावर खोलगट लागली, तर ती बदलावी. कारण आतली हवा त्या भिंतींना सतत बाहेर ढकलत असते. भिंत पातळ झाली की उतारावर, ऐन ब्रेक दाबताना, ती फाटू शकते. डिस्क ब्रेक मात्र हबजवळच्या चकतीला धरतो. त्यामुळे डिस्क ब्रेकच्या रिमला घासण्याची बाजूच नसते. तिच्यावर रबरी ब्रेक कधीही लावू नये.

कार्बनच्या रिमही निघाल्या आहेत. त्या हलक्या, ताठ आणि महाग असतात. अॅल्युमिनियमची रिम चेपली तर पुष्कळदा ठोकून सरळ करता येते. कार्बनची रिम चेपत नाही, तडकते.

रिम घेतल्यावर ती घाईने बांधायला बसू नये. सपाट फरशीवर ठेवून पाहावी. ती डुगडुगली तर दुकानात परत द्यावी. चाकातले सगळे स्पोक ताणलेले असतात आणि तो ताण सगळीकडे जवळपास सारखा असला तरच चाक टिकते. रिम मुळातच वाकडी असेल, तर आउट काढण्यासाठी काही स्पोक जास्त आवळावे लागतात आणि काही सैल ठेवावे लागतात. असे चाक दुकानात सरळ फिरते. डोंगरावर दोन-चार दणके बसले की सैल स्पोकचे निपल फिरू लागतात आणि चाक पुन्हा लचकते.

भोके मोजायला तर मी आता कधीच विसरत नाही. डोंगरी सायकलला बहुधा ३२ भोके असतात, काहींना २८ किंवा ३६. हबची आणि रिमची संख्या सारखी हवी. स्पोक मात्र सर्वांत शेवटी विकत घ्यावेत. एकाच मापाच्या दोन रिमची खोलीही वेगळी असू शकते आणि तेवढ्याने स्पोकची लांबी बदलते.