थोरल्या पातीचा शोध

शिवछत्रपतींना एक सख्खा थोरला भाऊ होता, हे सांगितलं की आजही कित्येकजण चमकून बघतात. तोही जिजाबाईंचाच मुलगा, नाव संभाजी. शिवाजीराजांच्या पहिल्या मुलाचं नावही संभाजीच. पण भोसल्यांची छापील वंशावळ उघडली, की बहुधा या थोरल्या संभाजीच्या नावाखालची रेघ तिथंच तुटलेली दिसते. कनकगिरीच्या वेढ्यात मृत्यू, 1655च्या सुमारास, एवढीच नोंद. बायको कोण, मुलं किती, ती पुढे कुठं गेली, याचा पत्ता नाही. ज्या घराण्याच्या एकेका पत्रावर आपण पिढ्यान् पिढ्या वाद घातले, त्या घराण्याची थोरली पातीच कोरी राहिली.

ही रेघ पुढे न्यायची, तर पुणं-सातारा सोडून बंगळूरला यावं लागतं.

1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानानं तिसऱ्या केंपेगौडाकडून बंगळूर घेतलं आणि ती जहागीर शहाजीराजांकडे आली. तेव्हापासून 1687पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धं शतक, हे गाव भोसल्यांचं होतं. शहाजीराजे राहत तो गौरी महाल चिकपेटेत होता असं सांगतात. आज चिकपेटेत साड्यांच्या दुकानांमधून वाट काढताना त्याचा मागमूस लागत नाही. वाडा गेला, दप्तर गेलं. उरले ते दगड.

त्यातला एक दगड मल्लेश्वरममध्ये आहे. काडु मल्लेश्वराच्या देवळाच्या परिसरातला हा शिलालेख कानडी, साल 1669. मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लापूरच्या मल्लिकार्जुन देवाला दिल्याची त्यात नोंद आहे, आणि देणारा आहे एकोजी, शहाजीराजांना तुकाबाईंपासून झालेला मुलगा. मल्लेश्वरमचं जुनं नाव मल्लापूर, तेही या लेखात टिकून आहे. या भागात जमिनीखाली काय काय दडलं असेल, याची कल्पना 1997 साली आली. देवळासमोरची जागा खणताना अख्खं नंदीतीर्थ वर आलं. नंदीच्या मुखातून शिवलिंगावर पडणारी धार आणि पुढची कल्याणी, सारं मातीखाली गडप झालं होतं.

असे लेख गोळा करण्याचं प्रचंड काम ज्यानं केलं, तो बेंजामिन लुईस राइस बंगळूरचाच, जन्म 1837चा. म्हैसूर संस्थानाचा पुरातत्त्व विभाग त्याच्याकडे होता. त्याच्या ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या शिलालेखसंग्रहाचे बंगळूर आणि कोलार जिल्ह्यांचे खंड 1905 साली निघाले. मराठ्यांच्या इतिहासासाठी या खंडांकडे आपण पुरेसं बघितलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कानडी मुलखातल्या कानडी लेखांत आपलं काय असणार, असं धरून चालण्याची सवय महागात पडली.

पण शोध सरळ पुढे जात नाही. भोसल्यांच्या घरात नावं फिरून फिरून तीच येतात. संभाजी हे नाव सापडलं की ते कुठल्या संभाजीचं, हे आधी ठरवावं लागतं. एकोजीला कुठं व्यंकोजी म्हटलेलं असतं. त्याच्या मुलांची नावं शहाजी, सरफोजी आणि तुकोजी. पुढे एकोजीच्याच वंशात, तंजावरच्या गादीवर, याच नावांचे आणखी राजे येतात. साल, गाव आणि बापाचं नाव ही तिन्ही जुळल्याखेरीज कुठल्याही नावावर बोट ठेवता येत नाही.

दुसरा धागा तंजावरचा. राजराज चोळानं बांधलेल्या बृहदीश्वराच्या देवळात, भिंतीच्या दगडांवर, भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरलेला आहे. साल 1803. तो कोरवून घेतला दुसऱ्या सरफोजीनं. तंजावरचा राजा तुळजाजी यानं त्याला 1787 साली दत्तक घेतलं होतं, त्या दत्तकावर वाद माजला, चुलता अमरसिंग गादीवर बसला. सरफोजी 1798 साली गादीवर आला खरा, पण दुसऱ्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीनं राज्याचा कारभार काढून घेतला. अशा राजानं आपली वंशावळ दगडात कोरावी, यामागचं दुःख आणि निर्धार दोन्ही मला समजतात. तरी एक गोष्ट विसरून चालत नाही. ही भिंत एकोजीच्या पातीनं लिहिलेली आहे. बखरी बहुतेक रायगड आणि साताऱ्याकडे बघून लिहिलेल्या. ज्यांच्या हाती गादी आली त्यांनी आपापला वंश जपला. थोरला संभाजी शिवरायांच्या राज्याभिषेकाआधी सुमारे वीस वर्षं मारला गेला, त्याच्या मुलांना गादी मिळाली नाही, मग त्यांच्यासाठी लेखणी कोण उचलणार?

1922 साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ प्रसिद्ध केला आणि शहाजीराजांचा बंगळूरचा दरबार एकदम उजेडात आला. बारा भाषा येतात असं सांगत राजांपुढे बारा नारळ ठेवणारा हा कवी. त्याच्या काव्यातून कळतं की तो संसार परमुलखातली तात्पुरती छावणी नव्हता. तिथं पंडित होते, अनेक भाषांचे कवी होते, भरलेलं घर होतं. थोरला मुलगा याच घरचा.

आणि या घराची दारं उघडतात ती कोलारला. तो मुलूखही शहाजीराजांच्या जहागिरीत होता, तिथला कारभार थोरल्या संभाजीराजांकडे होता. कोलारच्या बाजूच्या शिलालेखांत दोन नावं येतात: संभाजीराजांची पत्नी जयंतीबाई आणि मुलगा सुरतसिंग. ज्या नावाखाली वंशावळीत पांढरा कागद होता, तिथं एक बाई उभी राहते, मुलगा उभा राहतो. कनकगिरीचा घाव बसल्यावर संपलं असं जे आपण मानत आलो, ते संपलेलं नव्हतं. उमाजी हा संभाजीराजांचा आणखी एक मुलगा. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं जिंती, भोसल्यांच्या जुन्या पाटीलकीच्या गावांपैकी एक. तिथले भोसले आपला वंश या उमाजीशी जोडतात. कोलारहून तुटलेला धागा भीमेकाठी सापडावा, याहून मोठा आनंद शोध घेणाऱ्याला कुठला?

शिवाजीराजांनी एकोजीशी तह करताना बंगळूरचा मुलूख एकोजीच्या पत्नी दीपाबाईंना चोळी-बांगडीसाठी दिला, हे आपल्याला माहीत आहे, कारण ते तहाच्या कलमात लिहिलं गेलं. जयंतीबाईंसाठी असं कलम कुणी लिहिलं नाही. त्यांचं नाव राहिलं ते दगडानं जपलं म्हणून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. हरवलेल्या पातीचा माग राजांच्या नावांपेक्षा बायकांच्या नावांनी जास्त लागतो, आणि आपल्या वंशावळी नेमक्या तिथंच मुक्या आहेत.

बंगळुरात आजही पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत, मराठ्यांची, भावसारांची, शिंप्यांची, देशस्थांची. घरात कानडीमिश्रित मराठी चालते आणि मूळ गावाचं नाव आजोबांबरोबर गेलेलं असतं. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पेटीतले मोडी कागद वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका. त्यांचे फोटो काढा, मोडी जाणणाऱ्याला दाखवा. त्र्यंबकेश्वरला गेलात तर आपल्या घराण्याच्या उपाध्यांची वही उघडायला सांगा, पूर्वजांनी तिथं स्वतःच्या हातानं नावं लिहिलेली असतात. आणि वंशावळ लिहायला बसाल तेव्हा आजी, पणजी, खापरपणजी यांची नावं आणि माहेरची गावं आधी लिहा.