लहान वयातील परकी भाषा : अपेक्षा किती ठेवावी?

परकी भाषा शिकणाऱ्या लहान मुलाला किती यायला हवे, हे ठरवताना बहुधा प्रौढांसाठी तयार झालेले माप त्याला लावले जाते आणि तिथूनच गफलतीला सुरुवात होते. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामाईक चौकटीत ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या असून शिकणाऱ्याला त्या भाषेत प्रत्यक्ष काय करता येते, यावर त्या आखलेल्या आहेत. परंतु त्यांतील प्रवास, नोकरी, वादचर्चा असे प्रसंग मुख्यतः मोठ्यांच्या जगातले आहेत. बी-२ पातळीवर एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडून आपले मत पटवून देणे अपेक्षित असते, आणि आठ वर्षांच्या मुलाला हे मातृभाषेतही साधत नसल्यामुळे त्याचे ‘अपयश’ भाषेपेक्षा वयाशी अधिक निगडित असते.

ही अडचण लक्षात घेऊन परिषदेने पुढे ७ ते १० आणि ११ ते १५ या वयोगटांसाठी क्षमतांची वर्णने संकलित केली आणि ए-१ च्याही खाली ‘पूर्व ए-१’ ही पायरी सविस्तर मांडली. केंब्रिजची ‘स्टार्टर्स’ ही परीक्षा याच पायरीवरची आहे. तीत मूल सूचना ऐकून चित्रातील वस्तू रंगवते, तोंडी भागात छोटी चित्रे सांगितलेल्या जागी ठेवते आणि निकालात पास-नापास असा शेरा न मिळता प्रत्येक भागासाठी जास्तीत जास्त पाच ढाली मिळतात. म्हणजे पूर्ण वाक्य बोलण्याआधी आलेली समजही जमेस धरली जाते.

या वयात पुष्कळशी भाषा आयत्या तुकड्यांच्या रूपाने येते. ‘मे आय कम इन, टीचर?’ असे बिनचूक विचारणाऱ्या पहिलीतल्या मुलाला त्यातले ‘मे’ वेगळे काढून दुसऱ्या वाक्यात वापरता येईलच असे नाही. ही शिकण्याची स्वाभाविक अवस्था असल्याने त्या वाक्यावरून व्याकरण आले असे मानणे जितके चूक, तितकेच ते निव्वळ पाठांतर म्हणून मोडीत काढणेही चूक.

लवकर सुरुवात केली की प्रगती झपाट्याने होते, हा समजही तपासून घ्यावा लागतो. कार्मेन मुन्योस यांच्या नेतृत्वाखाली बार्सिलोनात झालेल्या अभ्यासात, इंग्रजीचे तितकेच तास मिळाले असता उशिरा सुरुवात करणारी मुले बहुतेक चाचण्यांत पुढे राहिली, कारण शाळेत आठवड्याला मोजक्याच तासिका मिळतात तेव्हा नियम समजून घेण्याची वाढती कुवत कामी येते. लहान वयाचा लाभ प्रामुख्याने कानावर भाषा सतत पडत राहते अशा परिसरात दिसतो.

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, म्हणून हा विवेक इथल्या पालकांनाही उपयोगी आहे. मुलाची इयत्ता पाहून अपेक्षा ठरवण्याऐवजी त्या भाषेचे किती तास मिळाले, वर्गाबाहेर ती किती ऐकू येते आणि तेच काम मुलाला मराठीत जमते का, हे तीन प्रश्न आधी विचारले, तर बऱ्याच अवास्तव अपेक्षा आपोआप गळून पडतील.